मोडलेला स्क्रू आणि तुरटीचें पाणी

विजापुरच्या बुरुजावर जी प्रचंड तोफ ठेवलेली आहे, आणि जिच्या नांवावरून मराठींत मोठ्या आवाजाच्या वक्त्याला मुलुखमैदान तोफ म्हणण्याची चाल पडली, ती तोफ विजापुरांत ओतलेली नाहीं. ती अहमदनगरांत ओतली गेली, १५४९ सालीं. निजामशाहीच्या चाकरींत असलेल्या रूमीखान नांवाच्या तुर्की उस्तादाचें तें काम. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यांत होती व तेथून १६३२ मध्यें विजापुरास गेली. तिचें वजन सुमारें ५५ टन भरतें. इतकीं शतकें उघड्यावर ऊनपाऊस सोसूनही गंजानें तिला खाल्लेलें नाहीं, कारण ती लोखंडाची नाहीं. तांबें आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे घंटा ज्याच्या करतात त्या काशाची आहे.

तांब्याच्या कुळांतले धातु आणि लोखंड यांच्या स्वभावांत जें हें अंतर आहे, तें अहमदनगरांतील, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर हें अधिकृत नांव मिळालेल्या त्या शहरांतील, घड्याळजीच्या बाकावर एका अगदीं चिमुकल्या प्रसंगीं कामास येतें. प्रसंग असा कीं, मनगटी घड्याळाच्या यंत्रांतील एखादा स्क्रू मोडतो, त्याचें डोकें सुटून हातांत येतें आणि उरलेला तुकडा पितळेच्या छिद्रांत रुतून बसतो. मळसूत्र हा शब्द जुना व भारदस्त आहे खरा; पण घड्याळजी त्याला स्क्रूच म्हणतो, आणि येथेंही तोच शब्द ठेवला आहे.

बाहेरून पाहणाऱ्यास यांत घाबरण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. दाराच्या बिजागरीचा स्क्रू मोडला तर सुतार शेजारीं दुसरें भोंक पाडतो. घड्याळांत शेजारीं जागाच नसते. मनगटी घड्याळांतील स्क्रूची जाडी बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. तांदळाची कणी त्याच्यापुढें ठसठशीत दिसावी. डोळ्याला भिंग लावल्यावांचून त्याचे आटे मोजतां येत नाहींत. आणि ज्या पितळी पत्र्यावर सारें यंत्र उभें असतें, ज्याला कारागीर प्लेट म्हणतात, त्या प्लेटमध्यें चाकांच्या आंसांसाठीं पाडलेलीं छिद्रें एकमेकांपासून इतक्या नेमक्या अंतरावर असतात, कीं एक जरी केसभर सरकलें तरी चाकांचे दांते अडकतात किंवा सुटतात. स्क्रू गेला तर नवा करतां येतो. प्लेट गेली तर घड्याळ गेलें. मोडक्या स्क्रूचा सारा विचार या एका गोष्टीपासून सुरू होतो.

स्क्रू मोडण्याचीं कारणें पुष्कळ. गंज हें त्यांतलें उघड कारण. मनगटाचा घाम आणि पावसाळ्यांतली दमट हवा चावीच्या दांड्याच्या वाटेनें आंत शिरतात आणि पोलादाला आट्यांतच धरून बसवितात. पण गंजाइतकेच स्क्रू माणसाच्या सवयीनें मोडतात, आणि त्यांतली एक सवय सांगण्यासारखी आहे.

बाटलीचें झांकण असो कीं दिव्याची टोपी, डावीकडे फिरविली म्हणजे सुटते, हें हाताला लहानपणापासून ठाऊक असतें. घड्याळाला किल्ली देतांना मात्र दोन चाकें एकमेकांच्या उलट दिशांना फिरतात. एक मुख्य कमानीच्या डब्यावरचें. दुसरें त्याला फिरविणारें, ज्याला क्राउन व्हील असें इंग्रजी नांव आहे. हें दुसरें चाक ज्या दिशेनें फिरतें, त्या दिशेनें साध्या आट्यांचा स्क्रू रोज थोडा थोडा सैल होत जाईल. म्हणून पुष्कळ घड्याळांत तो मुद्दाम उलट्या आट्यांचा केलेला असतो. तो उजवीकडे फिरविला म्हणजे सुटतो. कित्येक कारखानदार त्याच्या डोक्यावर एका खाचेऐवजीं तीन खाचा पाडतात, ती खूण याचीच. ज्याला ती ठाऊक नाहीं तो पेचकस लावून डावीकडे जोर करतो. स्क्रू सुटत नाहीं, म्हणून आणखी जोर करतो. आपण तो सोडीत नसून आवळीत आहों ही शंका त्याच्या मनाला शिवत नाहीं. आणि मग एक बारीकसा टक् असा आवाज होतो.

म्हणून जाणता घड्याळजी असें घड्याळ हातांत येतांच तें कोणी बिघडविलें हें विचारीत नाहीं. स्क्रू कोणत्या बाजूला फिरविला हें विचारतो. आंतला तुकडा कोणत्या बाजूला वळवावयाचा, हें त्या उत्तरावर ठरतें. उत्तर मात्र खरें मिळेलच असें नाहीं. वडिलांच्या घड्याळाला घरच्या घरीं पेचकस लावणारा चिरंजीव बहुधा सांगतो कीं, घड्याळ टेबलावरून पडलें होतें. टेबलावरून पडून स्क्रूचें डोकें पिळवटून निघत नाहीं, हें घड्याळजीला भिंगांतून दिसत असतें. तो कांहीं बोलत नाहीं.

अहमदनगर हें जुनें लष्करी ठाणें. इंग्रजी अमदानीपासून तेथें छावणी आहे, आणि चिलखती दलाचें केंद्रही तेथेंच आहे. अशा गांवांत एखाद्या आजोबांच्या पेटींतून वेस्ट एंड कंपनीचें सोवार प्राइमा निघालें तर नवल वाटण्याचें कारण नाहीं. हिंदी फौजेंत त्या घड्याळाचा लौकिक मोठा होता. परंतु मध्यम स्थितीच्या घरांत अधिक सांपडावयाचें तें एच्. एम्. टी.चें. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूरास हा सरकारी कारखाना निघाला आणि त्याचीं पहिलीं घड्याळें पंडित नेहरूंच्या हस्तें बाहेर पडलीं. (१९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत नेहरू अहमदनगरच्याच किल्ल्यांत बंदिवान होते, त्या भिंतींआड काळ कसा मोजला जातो हें त्यांना चांगलें ठाऊक होतें.) जनता नांवाचें त्या कारखान्याचें १७ खड्यांचें, रोज किल्ली द्यावयाचें घड्याळ लग्नांत जांवयाच्या हातावर बांधलें गेलें, निरोपसमारंभांत शिक्षकांना दिलें गेलें, आणि पुढें तीस-चाळीस वर्षें त्याच मनगटावर राहिलें. एच्. एम्. टी.चे घड्याळांचे कारखाने २०१६ पर्यंत बंद झाले. आतां नवी प्लेट मागवूं म्हटलें तर ती करणारा कोणी नाहीं. दुसरें बंद पडलेलें घड्याळ शोधून त्याचे अवयव काढणें एवढीच वाट राहते. तसें केलें तरी घड्याळ चालेल. पण ती अदलाबदल मालकाला सांगितलीच पाहिजे, आणि वडिलांचें घड्याळ आतां अर्धें वडिलांचें राहिलें, हें ऐकणाऱ्याकडे पाहणें कठीण जातें.

तेव्हां प्लेट वांचविणें हें पहिलें. येथें दोन वाईट उपाय वाटेंत उभे असतात. एक, बारीक गिरमिटानें तुकडा कोरून काढणें. पोलाद कठीण, पितळ मऊ. फिरतें टोंक कठीण पोलादावरून घसरतें आणि शेजारच्या मऊ पितळेंत शिरतें. तुकडा राहतो तेथेंच आणि आटे मात्र कापले जातात. निष्णात हाताला हें क्वचित् साधतें. पण निष्णात हात सहसा तेथून आरंभ करीत नाहीं. दुसरा उपाय याहून वाईट. मोडलेलें डोकें कसल्याशा चिकट द्रव्यानें जागच्या जागीं चिकटवून घड्याळ परत देणें. तें कांहीं दिवस चालतें. मग डोकें सुटून यंत्रांत फिरूं लागतें आणि एखाद्या चाकाचा दांता घेऊन थांबतें. असें करणारे कारागीर नसतातच असें नाहीं. त्यांना दोष द्यावयाचा तर घड्याळ आजच्या आज हवें म्हणून बाकाशीं उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकालाही थोडा द्यावा लागेल.

योग्य रीतीचा आरंभ कमानीचा ताण उतरविण्यापासून होतो. ताणलेली कमान तशीच ठेवून चाकें मोकळीं केलीं, तर सांठलेली सारी शक्ति एका क्षणांत सुटते आणि स्क्रूच्या जोडीला दांते व आंसही मोडतात. ताण उतरल्यावर यंत्र सुटें करावें, आणि मग कांहीं वेळ नुसतें पाहावें.

पाहण्यासारखें असें असतें. आवळलेल्या स्क्रूची पकड जितकी आट्यांत, तितकीच त्याच्या डोक्याखालच्या दाबांत असते. डोकें तुटलें कीं तो दाब संपतो. म्हणून आंतला तुकडा गंजलेला नसेल तर तो वाटतो तितका घट्ट नसण्याचा संभव असतो. त्याचें टोंक थोडें वर असेल तर चिमट्यानें, नसेल तर टोंकदार सुईनें त्याच्या कडेला हलकेंच रेटून तो फिरतो का पाहावें. फिरत नसेल तर पातळ तेलाचा थेंब सोडून रात्रभर थांबावें. छिद्र आरपार असेल तर उलट बाजूनें त्या टोंकावर सूक्ष्म खाच पाडून पेचकस लावतां येतो. दोन टोंकांमध्यें तुकडा दोन्ही बाजूंनीं पकडून त्याच्याभोवतीं प्लेटच फिरविण्याचें एक साधनही मिळतें. कित्येक तुकडे एवढ्यानेंच बाहेर येतात, आणि मग तुरटीचें नांव काढण्याची गरज पडत नाहीं.

जो तुकडा इतकें करूनही हलत नाहीं, त्याच्यासाठीं तुरटी. तीच ती, न्हाव्याच्या पेटींतली. पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या घागरींत फिरविली कीं गाळ तळाशीं बसविणारी. घड्याळजींच्या जुन्या पुस्तकांतून ही युक्ति आढळते, पण ती कां साधते हें तेथें क्वचितच सांगितलेलें असतें.

तुरटी हा पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचा गंधकाम्लापासून झालेला दुहेरी क्षार आहे. ती पाण्यांत विरघळली कीं तिच्यांतील ॲल्युमिनियमची पाण्याशीं क्रिया होऊन तें पाणी किंचित् आम्ल होतें. एवढें सौम्य आम्लही लोखंडाला पुरतें. लोखंड त्यांत हळूहळू विरघळतें आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे वर येतात. तांब्याला मात्र तें पुरत नाहीं, कारण आम्लांतल्या हायड्रोजनला हटवून त्याची जागा घेण्याची शक्ति लोखंडांत आहे, तांब्यांत नाहीं. कोणी म्हणेल, पितळेंत जस्तही असतें, आणि सुटें जस्त तर आम्लांत लोखंडाहूनही लवकर विरघळतें. मग पितळ कशी वांचते? तिच्यांतलें जस्त सुटें नसतें. तांब्याशीं तें एकजीव झालेलें असतें, आणि इतक्या सौम्य पाण्याच्या तें सहसा हातीं लागत नाहीं. उलट पितळेला चिकटून बसलेलें पोलाद एकट्या पोलादापेक्षां लवकर झिजतें. दोन भिन्न धातु आणि क्षाराचें पाणी एकत्र आलें कीं एक लहानसा विद्युत्-घट तयार होतो, आणि त्यांत झिजण्याची पाळी लोखंडावर येते. म्हणजे ज्या पितळेनें तुकड्याला धरून ठेवलें, तीच त्याच्या नाशाला मदत करते.

आतां कृति. तींत खरी दक्षता एकच, ती म्हणजे प्लेटवर दुसरी एकही पोलादी वस्तु राहतां कामा नये. चाकें, काटे आणि तबकडी काढावयाचीं हें कोणालाही कळतें. पण चावीच्या दांड्याजवळची एखादी बारीक स्प्रिंग किंवा उलट बाजूचा एखादा पोलादी खुंटा नजरेंतून सुटतो, आणि दुसऱ्या दिवशीं मोडक्या स्क्रूबरोबर तोही अर्धा नाहींसा झालेला आढळतो. तुरटीला दोषी आणि निर्दोषी पोलादांत भेद करतां येत नाहीं. माणकाचे खडे राहिले तरी चालतात. हीं माणकें खाणींतलीं नसतात; व्हर्न्यूय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं पुढें आणलेल्या रीतीनें तीं ज्वालेंत बनविलेलीं असतात. माणीक म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, आणि तुरटींतही ॲल्युमिनियमच. नात्यांतलीं माणसें एकमेकांना सांभाळून घेतात असें थट्टेनें म्हणावें. खरें कारण इतकेंच कीं, माणीक अशा सौम्य आम्लाला मुळींच दाद देत नाहीं.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटींत ऊन पाणी घेऊन तींत तुरटीची पूड, आणखी विरघळेनाशी होईपर्यंत, घालावी. तुकड्याचें तोंड वर येईल अशी प्लेट त्या पाण्यांत ठेवावी, म्हणजे बुडबुडे अडकून न बसतां निघून जातात. पाणी कोमट राहिलें तर काम लवकर होतें. थोड्या वेळानें भिंगांतून पाहिलें तर मोडक्या स्क्रूच्या जागेवरून अगदीं बारीक बुडबुड्यांची एक सर वर चढतांना दिसते, आणि काम सुरू झाल्याची तीच खूण. सर थांबली तर तुकड्यावर काळा साका धरला असें समजावें. तो लांकडी काडीच्या टोंकानें झटकून पाणी बदलावें. तुकड्याच्या जाडीप्रमाणें कांहीं तास लागतात, केव्हां एक दिवस, केव्हां दोन. हा वेळ वांचविण्यासाठीं तीव्र आम्ल वापरण्याचा मोह होतो. तसें करणारा प्लेटवरचा मुलामा घालवून बसतो. मुलाम्याची प्लेट तुरटींत असली तरी मधून मधून काढून पाहणें बरें.

अखेर छिद्रांत काळसर चिखल तेवढा उरतो. तो काडीनें निघतो, आणि त्याच्याखालीं पितळेचे आटे जसेच्या तसे दिसतात. एकाचीही धार गेलेली नसते. नंतर प्लेट स्वच्छ पाण्यानें, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें, पुन्हां स्वच्छ पाण्यानें आणि शेवटीं स्पिरिटनें धुवावी. आम्लाचा अंश राहिला तर तो पुढें बसविलेल्या नव्या स्क्रूलाच गंज आणील.

ही युक्ति सर्वत्र चालत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. कमानीच्या डब्याचा मधला दांडा स्वतःच पोलादाचा असतो. त्यांत स्क्रू मोडला तर तुरटी दोघांनाही खाईल. तेथें सुई, तेल आणि धीर यांनींच काय तें साधावें, नाहींतर दांडा बदलावा.

छिद्र मोकळें झालें. आतां नवा स्क्रू. घड्याळजीच्या डबींत जुने स्क्रू शेंकड्यांनीं असतात, पण एकाचे आटे दुसऱ्याच्या छिद्राला लागतीलच असें नाहीं. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणें आटे पाडीत असे. जिनीव्हाच्या मार्क थ्यूरी या प्राध्यापकानें १८७८ सालीं या गोंधळाला एक नियम सुचविला. त्याच्या मापांची एक शिडीच आहे. आरंभीं दोन आट्यांमधलें अंतर एक मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तें मागच्याच्या नऊ-दशांश. ब्रिटिश असोसिएशनचीं मापें याच शिडीवरून बसविलेलीं आहेत. तरीही जुन्या घड्याळांत तिच्याबाहेरचे स्क्रू भेटतात. डबींतला स्क्रू बोटांच्या जोरानेंच दोन वेढे आंत गेला तर तो त्या छिद्राचा. अडला तर परत डबींत टाकावा. अडलेल्या स्क्रूवर पेचकस चालविणें म्हणजे सारी कथा पुन्हां पहिल्यापासून सुरू करणें.

जुळणारा स्क्रू मिळाला नाहीं तर तो घडवावा लागतो, आणि हें काम पाहण्यासारखें असतें. पोलादाची तार लहानशा लेथवर धरून तिचें अंग खरडावयाचें, आटे पाडण्याच्या पट्टींतून ती फिरवावयाची, डोक्यापाशीं कापून खाच पाडावयाची. मग स्क्रू लाल होईपर्यंत तापवून तेलांत बुडविला कीं तो काचेसारखा कठीण होतो आणि काचेसारखाच ठिसूळ. असाच बसविला तर पहिल्या पिळालाच मोडेल. म्हणून पितळेच्या किसावर ठेवून तो दिव्यावर पुन्हां सावकाश तापवितात. पोलादाचा रंग डोळ्यांदेखत बदलत जातो: आधीं गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास गर्द निळा. निळा दिसला कीं उचलावा. त्यापुढें तो राखाडी होत जातो आणि मऊ पडतो. जुन्या घड्याळांतील निळे स्क्रू केवळ शोभेसाठीं असतात अशी पुष्कळांची समजूत आहे. शोभा आहेच; पण तो रंग मुळांत पोलादाचा ठिसूळपणा गेला आणि कणखरपणा राहिला याची साक्ष आहे.

शेवटीं जुळणी. पेचकसाचें पातें खाचेच्या लांबीरुंदीला बरोबर बसणारें असावें; अरुंद पातें खाचेच्या कडा चुरतें. क्राउन व्हीलचा स्क्रू उलट्या आट्यांचा असेल तर तो आवळतांना डावीकडे फिरतो, आणि जन्मभर घड्याळें उघडणाऱ्या माणसाचाही हात येथें क्षणभर थबकतो. कमानीला दोनचार वेढे मिळतांच तोलचक्र हलूं लागतें. जनता घड्याळांत तें ताशीं १८,००० ठोके देतें, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. घड्याळजी तें एक रात्र बाकावर ठेवून सकाळीं वेळ ताडून पाहतो. मालक येतो तेव्हां त्याला किल्ली रोज एका ठराविक वेळीं द्यावी आणि अडेल तेथें थांबावें इतकें सांगतो. हिशेबाच्या चिठ्ठीवर सफाई, तेल आणि एक नवा स्क्रू अशा तीन बाबी असतात. स्क्रू कशानें मोडला तें तींत लिहिलेलें नसतें. वडील घड्याळ कानाशीं नेऊन ऐकतात. चिरंजीव त्या वेळीं बहुधा दुकानाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे असतात.